फोन द्यायचाच आहे, तर असा द्या : सहावी ते आठवीच्या पालकांसाठी

पालकसभेत गुणांचं बोलून झालं की कुणीतरी खुर्ची पुढे ओढून विचारतंच, "बाई, फोन कधी द्यावा?" मी ठाण्यात सहावी-सातवीला शिकवते, राहते ऐरोलीत, आणि घरी आठवीतली लेक आहे. त्यामुळे हा प्रश्न शाळेतही माझी पाठ सोडत नाही आणि घरीही. वयाचा आकडा मी सांगत नाही. मूल एकटं जायला-यायला लागलं आणि त्याला फोनची खरीच गरज पडायला लागली, की वेळ झाली असं समजावं. आमची लेक सहावीत लोकलने ठाण्याला क्लासला जायला लागली. मधे दिघा गाव हे एकच स्टेशन, पण ट्रान्स हार्बर रखडली की माझा जीव टांगणीला. शेवटी तिच्या बाबांचा जुना फोन तिला दिला.

दिला आणि मोकळी झाले, शिकवलं काहीच नाही. ही पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. महिन्याभरात तिला गेममधली 'फुकट स्किन' (खेळातल्या पात्राचा नवा पेहराव) देणारी लिंक आली. तिने ती उघडली, पुढे ओटीपी मागितल्यावर घाबरली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच फोन घेतला आणि पंधरा दिवस कपाटात ठेवून दिला. कडक आई असल्याचं मला समाधानही वाटलं. चार महिन्यांनी एक अनोळखी 'दहावीतली ताई' तिच्याकडे रोज रात्री फोटो मागत होती, आणि हे मला कळलं आठ दिवसांनी, तेही तिच्या मैत्रिणीच्या आईकडून. "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तू फोन काढून घेशील ना."

तेव्हापासून घरात आणि वर्गात एक नियम सगळ्यांच्या वर आहे: येऊन सांगितलंस, तर फोन जाणार नाही. वेळ पाळली नाही, खोटं बोललीस, तर शिक्षा होईल. सांगितल्याची शिक्षा कधीही नाही. हा नियम मुलांपेक्षा आपल्यालाच जड जातो. मूल काहीतरी भयंकर सांगत असतं आणि आपला हात आपोआप फोनकडे जातो. तो आवरता येत नसेल, तर पुढचं काहीही करून फार उपयोग नाही.

आधी फोन तयार करा

एक रविवार सकाळ काढून ठेवा. दोन तास सहज जातात.

घरातला जुना फोन देणार असाल तर आधी तो फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करा. बाबांचा फोन आहे तसा दिला की बाबांचं जीमेल, सेव्ह केलेलं कार्ड आणि यूपीआयचं ॲपही त्याच्याबरोबर जातं. मग गेममध्ये पैसे उडाले की आपण मुलाला रागावतो! सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीखही बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन कॉल करण्यापुरताच ठेवा.

सिम तुमच्याच नावावर असणार, कारण अठरा वर्षांखालच्यांना ते मिळत नाही. म्हणजे त्या नंबरवरून काही झालं तर विचारणा तुमच्याकडे येईल. हे मुलाला धाक म्हणून नको, माहिती म्हणून सांगा.

मग मुलाचं वेगळं गुगल अकाउंट काढा आणि जन्मतारीख खरी टाका. इथे बहुतेक घरांत वर्ष मागे ढकललं जातं, 'नाहीतर ॲप चालत नाही' म्हणून. पण कंपन्यांनी मुलांसाठी जी काही कुंपणं घातलीत, ती सगळी त्या तारखेवर उभी आहेत. अकरा वर्षांचं मूल कागदावर एकोणीसचं झालं की त्याला सगळं जग खुलं.

तुमच्या फोनवर गुगलचं 'फॅमिली लिंक' हे पालकांसाठीचं ॲप टाका आणि मुलाचं अकाउंट त्याला जोडा. माझ्याकडे ते असं लावलं आहे: शाळेच्या दिवशी करमणुकीला दीड तास, रात्री नऊ ते सकाळी साडेसहा डाउनटाइम, म्हणजे फोनला आपोआप कुलूप, आणि नवीन ॲप माझ्या परवानगीशिवाय उतरत नाही. कॉलचं ॲप मात्र 'नेहमी चालू'मध्ये ठेवा. क्लासमधून उशिरा सुटलेल्या मुलाला वेळ संपली म्हणून घरी फोन लावता आला नाही, तर फोन दिलाच कशाला? आयफोन असेल तर हेच सगळं सेटिंग्जमधल्या 'स्क्रीन टाइम'मध्ये मिळतं. त्याचा पासकोड घरातल्या कुणाचाही वाढदिवस नको. मुलं तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, कार्ड जोडूच नका. फोनवर यूपीआय नको, या वयात रोख बरी. शेवटी *#०६# डायल करा. पडद्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येईल, तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवला की तो लागतो, आणि तेव्हा तो त्याच फोनमध्ये अडकलेला असतो.

हे लावलंय हे मुलाला दाखवा, त्याच्या समोरच लावा. चोरून पाळत ठेवणारी ॲपं मला पटत नाहीत. सातवीतली मुलं ती शोधून काढतात, आणि मग विश्वासही जातो आणि पाळतही. शिवाय फॅमिली लिंकमध्ये व्हॉट्सॲपचे मेसेज दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या. तिथे बोलण्याला पर्याय नाही.

फ्रिजवरचा कागद

करार लेखी हवा आणि मुलाच्या अक्षरात हवा. इंटरनेटवरून छापलेला नमुना नको, त्यावर मुलं वाचल्याशिवाय सही करतात. मोठ्यांसारखीच. आमच्या फ्रिजवर सध्या हे आहे:

फोन आई-बाबांचा आहे, मला वापरायला दिला आहे.
पासवर्ड आई-बाबांना माहीत असेल. ते माझ्या देखत बघतील, माझ्या मागे नाही.
जेवताना, अभ्यासाला आणि झोपायच्या खोलीत फोन नाही. कुणाचाच नाही.
आईचा फोन आला की उचलीन. नाही जमलं तर दहा मिनिटांत परत करीन.
कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय काढणार नाही, पाठवणार नाही.
ओटीपी, पिन, पत्ता, शाळेचं नाव कुणालाही देणार नाही.
वेळ मोडली तर दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास कापला जाईल.
काही चुकलं आणि मी सांगितलं, तर फोन जाणार नाही.

तिसऱ्या ओळीतलं 'कुणाचाच नाही' लेकीने घातलं. पहिल्याच रात्री जेवताना मी शाळेच्या स्टाफ ग्रुपवर बघितलं आणि पकडली गेले. दंड म्हणून भांडी घासली. शिक्षाही आधीच लिहिलेली असावी, लहान असावी आणि ठरल्याप्रमाणे व्हावी. रागाच्या भरात 'महिनाभर फोन बंद' म्हणतो आणि चौथ्या दिवशी आपल्याच सोयीसाठी तो परत देतो, त्यातून मूल एवढंच शिकतं की आईचं बोलणं फार मनावर घ्यायचं नाही.

वर्गाचा ग्रुप

आता खरी शाळा सुरू. व्हॉट्सॲप स्वतःच्याच नियमांत किमान वय १३ सांगतं, आणि सहावीतली मुलं अकरा-बारा वर्षांची असतात. म्हणून सहावीत मुलाच्या फोनवर व्हॉट्सॲप नको, शाळेच्या सूचना पालकांच्या फोनवर येतातच. "सगळ्यांकडे आहे" हे ऐकायला लागेल. वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून एकदम ठरवलं तर त्या वाक्यातली हवाच जाते, म्हणून मी पहिल्याच पालकसभेत त्यांना एकत्र बसवते.

तेराव्या वर्षी सुरू कराल तेव्हा आधी या गोष्टी लावा: प्रायव्हसीमध्ये ग्रुपसाठी 'माय कॉन्टॅक्ट्स', म्हणजे कुणीही उचलून कुठल्याही ग्रुपमध्ये टाकणार नाही. प्रोफाइल फोटोलाही तेच. अनोळखी कॉल सायलेंट. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. आणि मधूनमधून 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर अकाउंट चालू नाही ना, ते बघणं.

पण सेटिंग्जने वर्गाचा ग्रुप सुधारत नाही. गेल्या वर्षी सातवीच्या ग्रुपवर एका मुलाचा स्टिकर फिरत होता. डबा खाताना तोंड उघडं असलेला फोटो कुणीतरी काढला, कापून स्टिकर केला. दोन दिवसांत गृहपाठाच्या प्रश्नालाही उत्तर म्हणून तोच स्टिकर यायला लागला. मुलगा मधल्या सुट्टीत डबा उघडेना. ज्याने स्टिकर केला तो रडत म्हणाला, "बाई, मी एकदाच टाकला होता." खरंच एकदाच टाकला होता. पुढचं काम बाकीच्यांनी केलं.

त्यावर मी वर्गात घेतलेला तास तुम्ही घरी अर्ध्या तासात घेऊ शकता. कागदावर सात-आठ मेसेज लिहा: वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी गुणांचा फोटो, एखादा स्टिकर, शिक्षकांची नक्कल केलेला ऑडिओ, 'उद्या शाळेला सुट्टी' अशी खबर. प्रत्येकावर एकच प्रश्न: हे तू आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवशील का, खाली स्वतःचं नाव लिहून? मुलं आधी हसतात. गुणांच्या फोटोशी आली की थांबतात. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी आधीच काढलेला स्क्रीनशॉट जात नाही, हे त्यांना माहीत असतं, पण रागात असताना आठवत नाही. म्हणून आमच्याकडे एक सवय आहे: राग आला की मेसेज लिहायचा, पण पाठवायच्या आधी पाणी पिऊन यायचं.

नुसत्या बघणाऱ्यांशीही बोला. वर्गातली बहुतेक मुलं चिडवतही नाहीत आणि अडवतही नाहीत. त्यांना ग्रुपवर भांडायला सांगू नका, ते त्यांना झेपत नाही. ज्याला चिडवलं त्याला वेगळा मेसेज कर, 'मला ते आवडलं नाही' एवढाच. आणि घरी सांग. इतकं आठवीपर्यंतच्या मुलाला जमतं.

फसवणुकीची रंगीत तालीम

'सावध राहा' म्हणून कुणी सावध होत नाही. तालीम घ्या. महावितरणच्या नावाने येणारा 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. तो मुलाला दाखवा आणि विचारा: कोण बोलतंय, काय मागतंय, आणि एवढी घाई का करतंय? मग लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ॲप म्हणून फोनमध्ये 'इन्स्टॉल' करावी लागणारी पत्रिका कुठल्याच लग्नाची नसते.

माझ्या लेकीने हे सगळं ओळखलं. फसली ती भलत्याच ठिकाणी. मी बहिणीच्या फोनवरून तिला लिहिलं, "अगं, तुझ्याकडे चुकून एक सहा आकडी कोड आलाय, पटकन पाठव ना." खोटा कोड मी आधीच दुसऱ्या नंबरवरून पाठवला होता. तिने लगेच दिला, कारण मावशी! ओळखीच्या माणसाचं अकाउंट चोरूनच हा डाव खेळला जातो. म्हणून नियम: पैसे किंवा कोड मागितला, तर नंबर ओळखीचा असला तरी उलट कॉल करायचा. आता आवाजाचीही नक्कल करता येते, त्यामुळे आम्ही घरचा एक खुणेचा शब्दही ठरवला आहे. तो इथे अर्थातच लिहीत नाही.

यूपीआयची ओळख तुमच्या फोनवरूनच करून द्या. मिसळ खायला गेलात की क्यूआर कोड मुलाला स्कॅन करू द्या, पडद्यावर आलेलं दुकानाचं नाव मोठ्याने वाचू द्या, रक्कम त्यालाच टाकू द्या. पिन तुम्ही टाका, आणि तेव्हाच सांगा की पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. पैसे मिळवायला पिन मागणारा चोर असतो. तुमचा पिन मुलाला पाठ असेल, तर आजच बदला.

फोटो, अनोळखी माणसं आणि वाईट दिवस

हे बोलणं लांबणीवर टाकू नका. मुलगा असो की मुलगी, दोघांशीही बोला. मुलग्यांना यातून वगळणं ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. शब्द साधे ठेवा: कपड्यांशिवायचे फोटो कुणी मागितले, पाठवले किंवा पाठवायची धमकी दिली, तर चूक मागणाऱ्याची. आणि असा कुणाचाही फोटो आला तर तो पुढे पाठवायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार लहान मुलांची अशी चित्रं पसरवणं गुन्हा आहे, ती साठवणंसुद्धा. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे तिथे चालत नाही.

तरीही घडलंच, तर या क्रमाने जा. मुलाला जवळ घ्या, 'तू असं का केलंस' हा प्रश्न उद्यावर टाका. समोरच्याला पैसे देऊ नका, आणखी फोटो तर नाहीच नाही. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर किंवा अकाउंटचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. ज्या फोटोमुळे धमकी आली, त्या फोटोचे मात्र स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांना पाठवत बसू नका. मग अकाउंट रिपोर्ट आणि ब्लॉक. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार किंवा जवळचं पोलीस ठाणं. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, कारण लवकर कळवलं तर रक्कम मधेच गोठवण्याची शक्यता असते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवाही आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपापल्या ठिकाणी शोधून काढतात. मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. मराठीत बोलता येतं.

हे नंबर त्या फ्रिजवरच्या कागदाखाली लिहून ठेवा. त्या दिवशी शोधायला सुचत नाही.

गाडीत आणि रस्त्यावर

स्टेशनचा जिना, प्लॅटफॉर्मची कड आणि रस्ता ओलांडणं: फोन दप्तरात, कानात काही नाही. लोकलच्या दारात फोन काढायचाच नाही. रुळांलगत उभं राहून हातावर फटका मारणारे चोर ही गोष्ट प्रवाशांना नवी नाही, आणि खाली पडलेल्या फोनसाठी मुलाने उडी मारली तर काय, हा विचार करून बघा. "फोन पडला तर पडू दे, तू घरी ये" हे वाक्य मुलाला आधी, शांतपणे ऐकवून ठेवा. फोन गेलाच तर लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून आयएमईआय ब्लॉक. वहीतला नंबर इथे कामी येतो.

रात्रीचे नऊ

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुलांचा अभ्यास, मोठ्यांच्या गप्पा. मला यात आवडतं ते हे की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. आमच्या इमारतीत भोंगा शक्य नाही, शेजारीच तक्रार करतील. पण हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला एक एक्स्टेंशन बोर्ड आहे, नऊला तिन्ही फोन तिथे चार्जिंगला लागतात. "पण गजर?" असं लेक म्हणाली, तेव्हा जांभळी नाक्यावरून गजराचं साधं घड्याळ आणलं. ते इतकं कर्कश वाजतं की नवरा अजून मला बोल लावतो.

गृहपाठाला एआय वापरावं का, हेही पालक विचारतात. मी सांगते, आधी स्वतः लिहा, मग त्याच्याकडून चुका तपासून घ्या. सातवीच्या निबंधात 'बहुआयामी' आलं की बाईंना कळतं, मुलांनी काळजी करू नये.

तीन महिन्यांनी

कागद कायमचा नसतो. दर तीन महिन्यांनी चहा घेऊन बसा, कागद खाली काढा. कुठला नियम पाळला गेला, कुठला मूर्खपणाचा निघाला, ते मुलाला आधी बोलू द्या. पाळला असेल तर काहीतरी सैल करायलाच हवं. नाहीतर चांगलं वागून मिळालं काय?

इन्स्टाग्रामची मागणी बहुधा आठवीत येते. तिथेही किमान वय १३. खऱ्या जन्मतारखेचं अकाउंट असेल तर २०२५ पासून भारतातही ते 'टीन अकाउंट' होतं: खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, साठ मिनिटांनी आठवण, रात्री दहा ते सकाळी सात शांतता. सोळा वर्षांखालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पहिला महिना लेकीने ते फक्त माझ्या शेजारी सोफ्यावर बसून वापरलं. तिला कंटाळा आला, मला रीलचं व्यसन लागायची वेळ आली.

दिवाळीच्या सुट्टीतल्या आढाव्यात तिला दीड तासाचे दोन तास हवे आहेत, आणि डाउनटाइम साडेनऊला. मी दहावी ओळ मागणार आहे: ट्रेकला फोन एकच, तोही माझ्या पिशवीत. "नववी ओळ कुठे गेली?" असं तिने विचारलं. ती तिने माझ्यासाठी राखून ठेवली आहे म्हणे, आणि मला अजून दाखवलेली नाही.